पुण्याहून येताय? आधी दीड ते सव्वाचारचं बघा

तुम्ही दोघं शनिवारी पुण्याहून मुंबईला येताय, वय 23 आणि 24, पहिलीच खेप, आणि ‘चांगल्या गे क्लबची नावं द्या’ म्हणताय. नुसत्या नावांनी काम होणार नाही. मुंबईत आपल्याकडे असते ती रात्रीपुरती पार्टी. आयोजक पब ठरवतात, तोच पब आदल्या दिवशी सगळ्यांचा असतो. एके काळी कुलाब्यात व्हूडू नावाचं ठिकाण होतं, शनिवारी नुसतं जाऊन उभं राहिलं तरी ओळखीचे चेहरे भेटायचे. ते कधीच बंद झालं. त्यामुळे आयोजकांची इन्स्टा पानं बघा आणि पोस्टरवरची तारीख दोनदा वाचा, गेल्या महिन्याचीही पोस्टरं फिरत असतात. तिकीट आधीच काढा.

ओळखपत्र न्याच. महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 आणि हार्ड ड्रिंकला 25 वर्षं लागतात, म्हणजे तुम्हा दोघांना व्हिस्की नाही. बाऊन्सरशी वाद घालू नका.

आता खरी गोष्ट. बार दीडला बंद होतो. चर्चगेटहून बोरिवलीची शेवटची लोकल एकच्या सुमारास जाते आणि पहिली सव्वाचारच्या आसपास सुटते. फसतो तो माणूस या मधल्या तीन तासांत. मी पहिल्यांदा फसलो तेव्हा खिशात टॅक्सीपुरते पैसे नव्हते. डोळ्यांत काजळ, गालावर चमकी, आणि स्टेशनबाहेर कट्ट्यावर बसलेलो. शेजारचा पेपरवाला गठ्ठे सोडता सोडता म्हणाला, ‘नाटकात काम करता का?’ मी हो म्हणालो. त्याने अर्धा चहा पुढे केला. तेव्हापासून बॅगेत खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि जुना रुमाल असतो. काजळ आणि चमकी पाण्याने निघत नाही, तेलाने निघते. घरी माहीत नसेल तर हे आत्ताच लिहून ठेवा.

म्हणून खोली आधी घ्या, पार्टीच्या जागेजवळ. नाहीतर कॅबचे पैसे बाजूला काढा आणि सकाळची इंद्रायणी किंवा शिवनेरी धरा.

त्या रात्री डेटिंग ॲपवर कोणी ‘इथेच जवळ राहतो, ये’ म्हणालं तर जाऊ नका. खोलीत बोलावून व्हिडिओ काढायचा आणि पैसे उकळायचे, हा जुना धंदा आहे. ‘पोलिसांना सांगतो’ या धमकीला घाबरू नका. सुप्रीम कोर्टाच्या 6 सप्टेंबर 2018च्या निकालानंतर दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध गुन्हा नाहीत, खंडणी मात्र गुन्हा आहे. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, 112 लावा.

आत गेल्यावर फोटो विचारूनच काढा. मागे नाचणारा मुलगा उद्या बँकेत काउंटरवर बसणार असतो. आणि पहिला अर्धा तास भिंतीला टेकून उभे राहिलात तरी चालेल, मी तर पहिल्या रात्री पूर्णवेळ तेच केलं.

पोस्टर सापडलं की इथे टाका. आयोजक ओळखीचा निघाला तर सांगतो.