फोटॉन सुटे येतात की घोळक्याने?

प्रकाशावरच्या मागच्या लेखानंतर आलेल्या प्रश्नांपैकी सहा आज घेतोय. बाकीच्यांनी थोडी कळ सोसावी. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा सगळ्यात लहान कण, एवढं लक्षात असू द्या.

पणजीत पाऊस पडून गेला की रस्त्यावर पेट्रोलच्या तवंगावर रंग दिसतात. खिडकीच्या काचेलाही दोन पृष्ठभाग आहेत, मग तिच्यावर का दिसत नाहीत? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, डिचोली)

तवंगाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात. कुठे लाल जोर धरतो, कुठे निळा मारला जातो, म्हणून रंग. पण त्यासाठी दोन्ही लाटांचा ताल जुळलेला हवा. उन्हाचा ताल जेमतेम एखाद्या मायक्रॉनपुरता, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापुरता टिकतो. तवंग तेवढाच पातळ असतो, काच मात्र तीन-चार मिलिमीटर जाड. मागून परतलेली लाट पोचेपर्यंत पुढच्या लाटेचा ताल कधीच बदललेला असतो. पुस्तकं याला कलासंबद्धता म्हणतात, वर्गात सगळे कोहिरन्सच म्हणतात. हेलियम-निऑनच्या साध्या लेझरमध्ये हा ताल वीस-तीस सेंटिमीटर सहज टिकतो. चवथीत घुमट आरती जमून आली की सगळे टाळ एकदम पडतात, तसा लेझर. ऊन म्हणजे त्याच माटोळीखाली पोरांच्या हाती टाळ दिल्यावर जे होतं ते.

लेझर पॉइंटरसमोर काळ्या काचा वाढवत गेले, तर शेवटी एका वेळी एकच फोटॉन निघेल ना? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, फर्मागुडी)

नाही. आणि तुला दोष देत नाही, कारण मी स्वतः दोन-तीन वर्षं वर्गात 'हो' असंच सांगत होतो. एका मुलाने आकडे मांडून दाखवले तेव्हा खडू खाली ठेवला.

तेच आकडे मांडू. एक मिलिवॉटचा लाल पॉइंटर सेकंदाला सुमारे ३३ लाख अब्ज फोटॉन सोडतो. ते रांगेत येत नाहीत, पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे येतात. सरासरी ठरलेली, पण पुढचा थेंब कधी पडेल ते आधीच्या थेंबाला माहीत नसतं. आता पावसाखाली चाळण धर. थेंब कमी होतील, पण त्यांचा बेशिस्तपणा तसाच राहील. दोन थेंब एकदम पडायचे ते अधूनमधून पडतीलच.

समज, लेझर थांबून थांबून छोटे झोत सोडतोय आणि प्रत्येक झोतात सरासरी ०.१ फोटॉन उरेल इतका तो मंद केला. हजार झोतांपैकी साधारण ९०५ रिकामे जातील, ९० मध्ये एकच फोटॉन असेल, आणि पाचेक झोतांत दोन किंवा जास्त. गुप्त संदेश फोटॉनवरून पाठवणाऱ्यांची झोप हे पाच झोत उडवतात. जादाचा फोटॉन चोराने मधल्यामध्ये उचलला, तरी पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही.

खरा 'एकेकटा' प्रकाश हवा तर स्रोतच तसा हवा, उदाहरणार्थ एकच अणू. एकच फेरीबोट असलेला धक्का डोळ्यांसमोर आण. बोट माणसं उतरवून गेली की पलीकडे जाऊन परत येईपर्यंत दुसरी बोट लागणं शक्यच नाही. अणूचंही तसंच. एक फोटॉन सोडला की पुन्हा ऊर्जा घेतल्याशिवाय दुसरा सुटत नाही. किंबल, डॅजेनाइस आणि मँडेल यांनी १९७७ मध्ये सोडियमच्या अणूंवर हे दाखवलं.

ओळखायचं कसं? अर्धा प्रकाश सोडणारा, अर्धा परतवणारा आरसा मधे ठेवायचा आणि दोन्ही वाटांवर मोजयंत्रं लावायची. दोन्ही एकदम किती वेळा 'टक' करतात ते पाहायचं आणि निव्वळ योगायोगाने जितकं व्हायला हवं त्याने भागायचं. लेझरचं उत्तर १ येतं, कितीही मंद केलास तरी १. एकट्या अणूचं शून्याजवळ, कारण एक फोटॉन दोन वाटांनी जाऊन दोन्हीकडे टक करू शकत नाही. आणि साध्या दिव्याचं २!

साधा दिवा २? म्हणजे त्याचे फोटॉन घोळक्याने येतात? मग दिवा फडफडताना का दिसत नाही? (वाचक, वाळपई)

येतात घोळक्यानेच. असंख्य अणूंच्या बेताल लाटा कधी एकमेकींवर चढतात, कधी एकमेकींना खातात, त्यामुळे प्रकाश क्षणाक्षणाला कमी-जास्त होतो. सरासरी १०० फोटॉन मोजणाऱ्या अवधीत लेझरची संख्या दहा-दहाने हलते, तर अशा प्रकाशाची जवळजवळ शंभराने. मात्र हा खेळ लाटेचा ताल टिकतो तेवढ्याच वेळात दिसतो. तो वेळ सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही पुष्कळ कमी असू शकतो. डोळा तितका चपळ नाही.

याचा कुणाला उपयोग झालाय का? (आकाशदर्शन करणारे निवृत्त गृहस्थ, पेडणे)

तुमच्याच छंदात झालाय. हॅनबरी ब्राऊन आणि ट्विस यांनी लष्करी सर्चलाइटचे दोन आरसे व्याधाकडे वळवले आणि दोन्हीकडच्या प्रकाशाची चढउतार एकत्र होते का ते तपासलं. आरसे लांब नेत गेलं की ही जोडी तुटते, आणि ती किती अंतरावर तुटते त्यावरून ताऱ्याचा कोनीय व्यास काढता येतो. १९५६ मध्ये व्याधाचा आला, एका अंशाच्या दहा लाख भागांतले जेमतेम दोन इतका. गंमत म्हणजे तारे लुकलुकवणारी हवा इथे फारशी आड येत नाही, कारण लाटांचा नाजूक ताल जुळवायचाच नसतो, नुसती चढउतार ताडून पाहायची असते. पुढे ऑस्ट्रेलियात नॅराब्रीला १८८ मीटर व्यासाच्या गोल रुळांवर आरसे फिरवून ३२ तारे मोजले.

फोटॉन घोळक्याने येतात हे तेव्हा भल्याभल्या भौतिकज्ञांना पटलं नव्हतं, हेही सांगून ठेवतो.

२००५ च्या नोबेलमध्ये भौतिकज्ञ सुदर्शन यांच्यावर अन्याय झाला का? (शिक्षिका, फोंडा)

माझ्या मते झाला. ग्लाउबर यांनी १९६३ मध्ये प्रकाशाच्या कोहिरन्सचा क्वांटम सिद्धांत मांडला, यात वाद नाही. पण कोणताही प्रकाश लेझरसारख्या अवस्थांच्या मिश्रणातून लिहून दाखवण्याची सर्वसाधारण रीत त्याच वर्षी केरळच्या ई. सी. जी. सुदर्शन यांनी दिली. ते मिश्रण साध्या शक्यतांसारखं वागेनासं झालं की प्रकाश अस्सल क्वांटम, म्हणजे नुसत्या लाटांनी न समजावता येणारा, ही कसोटी आजही वापरतात. नाव दोघांचं मिळून घेतात. २००५ चं नोबेल मात्र ग्लाउबर, हॉल आणि हॅन्श यांना मिळालं.

पॉइंटरचा ठिपका भिंतीवर दाणेदार दिसतो. पॉइंटर बिघडलाय का? (आठवीतला मुलगा, काणकोण)

अजिबात नाही. चुना लावलेल्या खडबडीत भिंतीवरून परतलेल्या लाटांचा ताल पक्का असतो, म्हणून त्या तुझ्या डोळ्यात मिसळून काळे-उजळ दाणे तयार करतात. टॉर्चचे असे दिसत नाहीत. आता चष्मा काढ आणि मान हळूच उजवीकडे ने. दाणे डावीकडे सरकले तर लांबचं नीट दिसत नसणार, मानेबरोबर उजवीकडे आले तर जवळचं. ठिपका भिंतीवरच ठेव, कुणाच्या डोळ्यात नको, मांजराच्यासुद्धा.