ओळीशेजारचं करडं नाव

गंगापूर रोड, नाशिक

चि. (नाव घालत नाही, हे पत्र तू ऑफिसात दाखवत फिरणार हे मला ठाऊक आहे),

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा रात्री साडेअकराचा व्हॉइस मेसेज सकाळी चहा घेताना ऐकला. अंबडच्या नव्या कंपनीत लॅपटॉप मिळाला, त्यात व्हीएस कोड हा एडिटर आहे, पण गिटलेन्स नाही, म्हणजे कोडच्या ओळीशेजारी करड्या अक्षरात माणसाचं नाव आणि तारीख दाखवणारं, एडिटरला वरून जोडायचं एक्स्टेन्शन. मंजूर यादीबाहेरचं एक्स्टेन्शन हवं तर आयटीकडे अर्ज. "हात तोडल्यासारखं झालंय, दादा." बरं.

अर्ज जरूर कर, पण पंधरा दिवसांनी. तोवर कीबोर्डशेजारी एक पाठकोरा कागद ठेव. ओळीच्या उजवीकडे त्या करड्या नावाच्या जागी डोळे गेले की एक रेघ मार आणि पुढे लिही, आत्ता मला नेमकं काय बघायचं होतं? एका क्लायंटच्या मशीनवर माझ्यावर हीच वेळ आली होती, तेव्हा मी हे केलं. निम्म्याहून जास्त रेघांपुढे लिहिण्यासारखं काही निघालंच नाही. काम नसताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो ना आपण, तसं.

त्या करड्या नावाशी माझा जुना हिशेब आहे, तो सांगतो. पिंपळगावकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसचं वजनाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. बागेतून माल कॅरेटमध्ये येतो, काट्यावर चढतो, कॅरेटचं वजन वजा होऊन निव्वळ वजन शेतकऱ्याच्या नावावर पडतं. एकदा मला एका ओळीत कॅरेटच्या वजनावर १०० ग्रॅम जास्तीचे वजा केलेले दिसले. म्हणजे दर कॅरेटमागे शेतकऱ्याचे १०० ग्रॅम गेले! शेजारी करड्या अक्षरात टीममधल्या एका पोराचं नाव. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. पोरगं गप्प राहिलं, आणि ती ओळ मी खोडणार एवढ्यात कुणीतरी जेवायला हाक मारली म्हणून वाचलो.

पोराने फक्त फाइलवर फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारा प्रोग्रॅम, फिरवला होता. टॅबच्या जागी स्पेस आल्या, तेवढ्याने प्रत्येक ओळ त्याच्या नावावर चढली. कोडातल्या बदलांचा इतिहास गिट ठेवतं, आणि त्यातल्या एकेका नोंदीला कमिट म्हणतात. जेवून आल्यावर मी टर्मिनलमध्ये 'गिट लॉग' लिहून डॅश, कॅपिटल एस आणि त्या ओळीतल्या व्हेरिएबलचं नाव दिलं. ते नाव ज्या कमिटमध्ये कोडात आलं, गेलं किंवा कमी-जास्त वेळा झालं, तेवढेच कमिट यात समोर येतात. सगळ्यात जुना कमिट केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा होता. मेसेजमध्ये त्याने लिहून ठेवलं होतं की कॅरेटच्या तळाला कागद आणि फोमची शीट घालतात, दहा कॅरेटच्या शीट तोलून सरासरी काढली, शेतकऱ्यांना सांगून १०० ग्रॅम धरले. ओळ बरोबर होती. एक्स्टेन्शनही खोटं बोललं नव्हतं. ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला एवढंच ते सांगतं, आणि मी त्यावरून ही ओळ आली कशासाठी हे ठरवून मोकळा झालो होतो. पोराची माफी मात्र मी एकट्यात मागितली. सगळ्यांसमोर मागायला हवी होती.

तर तुझ्या कागदावर 'हे असं का केलंय' अशी रेघ आली, की कॅपिटल एस. एकाच फंक्शनचा जन्मापासूनचा प्रवास हवा असेल तर तिथेच कॅपिटल एल, ओळींचे आकडे आणि फाइलचं नाव. ओळीओळीचं नाव सांगणाऱ्या 'गिट ब्लेम'ला डॅश आणि छोटा डब्ल्यू जोडलास की नुसत्या स्पेसचे बदल ते धरत नाही. आणि फॉरमॅटरचे कमिट एका फाइलमध्ये नोंदवून ब्लेममधून कायमचे वगळता येतात. ही सोय २०१९ पासून गिटमध्येच आहे, पण कुणी वापरताना मी फारसं पाहिलेलं नाही.

राहिलं नाव आणि तारीख. एडिटरमधल्या फाइलींच्या यादीच्या, म्हणजे एक्सप्लोररच्या, तळाशी टाइमलाइनचा कप्पा उघड, त्या फाइलचे सगळे कमिट तिथे असतात. ओळीशेजारी नाव दाखवायची सोयसुद्धा आता खुद्द व्हीएस कोडमध्ये आली आहे, सेटिंग्जमध्ये 'ब्लेम' शोध. हे असं होतच असतं. रंगीत कंसांसाठी आपण वेगळं एक्स्टेन्शन टाकायचो, ते काम २०२१ मध्ये एडिटरनेच अंगावर घेतलं.

एवढं करूनही कागदावर काही उरलंच, तर अर्जात तेच लिही. "माझी प्रॉडक्टिव्हिटी कमी होते" असं लिहिलंस तर आयटीवाला वाचणारसुद्धा नाही. "दोन ब्रँचमधली तुलना आठवड्यात नऊ वेळा लागली, दर वेळी इतकी मिनिटं गेली" हे तो वाचेल. त्याच्या जागी मी असतो तर मीही यादी लहानच ठेवली असती. एक्स्टेन्शन म्हणजे तुझ्या मशीनवर तुझ्याच अधिकारात चालणारा परक्याचा कोड.

रविवारी कागद घेऊन घरी ये. पंचवटीतून निघालीस तर रामकुंडाकडून शॉर्टकट मारू नकोस, गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलंय म्हणतात. होळकर पुलावरून ये.

तुझा,
दादा