उपकारस्तुती : देवाचे ‘उपकार’ मानायचे की ‘आभार’?

प्रश्न सोलापूरच्याच एका वाचक ताईंचा आहे. त्यांचं माहेर मराठी, सासर तेलुगू, आणि दोन्ही घरं ख्रिस्ती. त्या लिहितात : “रात्री जेवायला बसण्याआधी आम्ही सगळे मिळून प्रार्थना करतो, त्यात दिवसभराची उपकारस्तुती, म्हणजे देवाने दिवसभरात जे भलं केलं त्याबद्दल त्याची स्तुती, असते. वडिलांचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली आणि ऑफिसातल्या मैत्रिणींनाही निरोप पाठवला. एकीने विचारलं, ‘उपकार कसले? देव काय तुमच्यावर उपकार करतो का?’ तेव्हापासून तो शब्द मलाही टोचायला लागलाय. आभार, धन्यवाद, कृतज्ञता हे शब्द असताना हाच का? आणि सासूबाईंच्या तेलुगू प्रार्थनेत तर उपकार हा शब्दच येत नाही.”

ताई, शब्द बदलू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मैत्रिणीचा प्रश्नही खोटा नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आजच्या बोलण्यात ‘उपकार’ला वाईट सोबत लाभली आहे. उपकार करणं, उपकार दाखवणं, उपकाराखाली दबणं, उपकार फेडणं. ‘येतोस म्हणजे उपकार करतोस का?’ हे वाक्य तर भांडणातच ऐकू येतं. ही सगळी बोलणी नीट पाहा. ज्याने दिलं तोच जेव्हा ‘उपकार’ म्हणतो, किंवा घेणाऱ्याला ते म्हणायला लावतो, तेव्हा शब्दाला काटे फुटतात. घेणारा आपणहून म्हणाला, ‘तुमचे फार उपकार आहेत हो माझ्यावर,’ तर त्यात काटा राहत नाही, ओलावा असतो. देणाऱ्याने बोलून दाखवणं आपण वाईट मानतो, तसंच घेणाऱ्याने विसरणंही वाईट मानतो. शब्द एकच आहे, बोलतो कोण यावर त्याचा रंग ठरतो.

मूळ अर्थात ओझं नाहीच. ‘उप’ आणि ‘कृ’ : जवळ येऊन, दुसऱ्याच्या भल्यासाठी केलेलं काम. याचा विरुद्धार्थी शब्द अपकार. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

आणि हा शब्द मिशनऱ्यांनी कुठून तरी उचलून आणला, असंही कुणी समजू नये. मराठी भक्तीच्या भाषेत तो आधीपासून मानाने बसलेला आहे. तुकोबा म्हणतात, ‘काय सांगों आतां संतांचे उपकार । मज निरंतर जागविती ॥’ आणि पुढच्याच ओळीत, ‘काय द्यावें त्यांसी व्हावें उतराई । ठेवितां हा पायीं जीव थोडा ॥’ पायावर जीव ठेवला तरी उतराई होता येत नाही, आणि त्याचा सल तुकोबांना नाही. ते आनंदानेच सांगताहेत. उतराई होता न येणं हा इथे प्रेमाचा पुरावा आहे. कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. त्यांची भजनं सोलापूर-नगरच्या मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, आजही गातात. तेव्हा ‘उपकार’ हा शब्द ऐकताना मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानात सावकाराची वही वाजत नाही, अभंग वाजतो. मैत्रिणीला एवढं सांगितलं तरी पुरे.

आता बाकीचे शब्द. ‘आभार’मध्ये भार आहे, म्हणजे ओझं टाळायचं म्हणून हा शब्द घ्यावा तर ते ओझं इथे उघडच बसलेलं. पण माझी हरकत त्यावर नाही, वापरावर आहे. आभार हा आपल्याकडे सभेतला शब्द झाला आहे. कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी आभारप्रदर्शन असतं, आणि तोपर्यंत लोक चपला शोधायला लागलेले असतात. घरात आपण आभार मानतच नाही. भावाने गाडीवरून स्टेशनवर सोडलं आणि त्याला ‘आभारी आहे’ म्हटलं तर तो म्हणेल, परका झालो का मी? मराठी घरात हे काम दुसऱ्या वाक्यांनी होतं : ‘बरं झालं बाई तू आलीस’, ‘तू होतास म्हणून निभावलं’, ‘वेळेवर धावलास’. यात आभार हा शब्द कुठेच नाही, पण काय घडलं ते नेमकं सांगितलेलं आहे. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, तिच्याकडे परत येतो.

‘धन्यवाद’ची तऱ्हा वेगळी. आज तो सुटा शब्द झाला आहे, दुकानाच्या पावतीवर छापलेला असतो. मराठी बायबलात मात्र तो जुन्या, पूर्ण अर्थाने येतो. ‘हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर, त्याचे सर्व उपकार विसरू नकोस’ हे 103 वं स्तोत्र तुम्हाला पाठ असेल. ‘परमेश्वराला धन्यवाद दे’ असं तिथे म्हटलेलं नाही, ‘परमेश्वराचा धन्यवाद कर’ असं म्हटलं आहे. म्हणजे तू धन्य आहेस असं त्याला म्हण, त्याचा धन्यवाद गा. ‘परमेश्वर धन्यवादित असो’ हे आपल्या प्रार्थनेतलं रूप याच घराण्यातलं. आणि त्याच ओळीत ‘उपकार’ही आहेत. धन्यवाद देवाचा, तो कोण आहे म्हणून. उपकारांची आठवण, त्याने काय केलं म्हणून. एका ओळीत दोन शब्द दोन वेगळी कामं करतात, म्हणून एकाच्या जागी दुसरा बसवला की काहीतरी हरवतं.

‘कृतज्ञता’ हा शब्द मला आवडतो : कृत म्हणजे केलेलं, ते जाणणं. अर्थाने तो उपकारस्तुतीच्या सगळ्यांत जवळ आहे. पण तो मनातली अवस्था सांगतो. माणूस कृतज्ञ असतो आणि गप्पही असू शकतो. ‘स्तुती’ गप्प राहून होत नाही, तिला तोंड उघडावं लागतं.

मुळाकडे पाहिलं तर हे अधिक उलगडतं. बायबलातल्या नव्या कराराच्या ग्रीकमध्ये यासाठी ‘युखारिस्तिया’ हा शब्द आहे, आणि त्याच्या पोटात ‘खारिस’ आहे, ज्याला आपण कृपा म्हणतो. जुन्या कराराच्या हिब्रूत ‘तोदा’ आहे. तो ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ कबूल करणं असाही होतो. पापाची कबुली आणि देवाच्या भलेपणाची कबुली, दोन्ही त्याच धातूने सांगतात. आणि मराठीत आपण उपकार काय करतो? मानतो. मान्य करतो. हिब्रूतला हा बारकावा आपल्या साध्या क्रियापदात आपसूक उतरलेला आहे याचा मला मनापासून आनंद होतो.

आता त्या रोजच्या प्रार्थनेकडे, कारण शब्दाची खरी कसोटी तिथे लागते. ‘देवा, सगळ्यासाठी धन्यवाद’ म्हणून आपण एका वाक्यात मोकळे होऊ शकतो. उपकारस्तुती तशी मोकळी होऊ देत नाही. उपकार म्हणजे केलेलं काम, आणि काम म्हटलं की कुठलं, हा प्रश्न येतोच. नळाला आज पाणी आलं आणि पिंपं भरून झाली. एप्रिल महिन्याच्या त्या उन्हात मुलगा शाळेतून सुखरूप आला. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा माणूस सकाळी हातपाय धड घेऊन घरी आला. विड्या वळणाऱ्या बाईचा माल आज कारखान्यातून परत आला नाही. अशी एकेक गोष्ट नाव घेऊन सांगायची. घरात ‘तू होतास म्हणून निभावलं’ म्हणतो ना, तीच रीत. तेव्हा हा शब्द जड, पोथीतला वाटला तरी त्याची चाल अगदी घरगुती मराठी आहे. लहान मुलं हे मोठ्यांपेक्षा चांगलं करतात. त्यांना ‘सगळ्यासाठी’ म्हणता येत नाही, ती पेन्सिल सापडली हेच सांगतात.

‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतली विनंतीही याच मापाची आहे. भाषांतर करणाऱ्यांनी तिथे ‘भाकर’ हा शब्द घेतला याबद्दल ज्वारीच्या मुलखातल्या माणसाने त्यांना दुवा द्यावा. आपल्याकडे कडक भाकरी डब्यात भरून पुष्कळ दिवस ठेवता येते, पण प्रार्थना साठ्याची नाही, आजच्या भाकरीची आहे. मागणं रोजचं असेल तर उपकार मानणंही रोजचंच.

तुमच्या प्रश्नात वडिलांचं ऑपरेशन आहे, म्हणून एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. बायबलातल्या एका पत्रात प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ हे वाक्य आजाऱ्याच्या उशाशी चुकीच्या सुरात म्हटलं तर फार लागतं. म्हणून त्यातला प्रत्यय पाहा. ‘स्थितीत’ असं म्हटलं आहे, ‘स्थितीबद्दल’ नाही. ग्रीकमध्येही तसंच आहे. आजारपणात राहूनही जे उपकार दिसतात ते मानायचे : वेळेवर मिळालेला डॉक्टर, रात्रभर बाकावर बसून राहिलेला शेजारी, पहिला घास गिळता आला तो क्षण. आजार हाच उपकार, असं म्हणा असं पौल इथे सांगत नाही.

यावर जाणकार म्हणतील की पौलाच्याच नावाच्या इफिसच्या पत्रात ‘सर्व गोष्टींबद्दल’ असंही आहे. आहे. मी ते असं वाचतो की जिथे देवाने भलं केलं अशा लहानमोठ्या सगळ्या गोष्टी, एकही वगळायची नाही. आणि मला आधार देते ती मघाची जोडी, उपकार आणि अपकार. मराठीत अपकाराची स्तुती होत नाही. जे दुःख आहे त्याला दुःखच म्हणायची मुभा हा शब्द ठेवतो. धन्यवाद, कृतज्ञता या शब्दांत ही कुंपणाची रेघ इतकी ठळक दिसत नाही.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करण्याच्या विधीच्या वेळी पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) जे वचन वाचतात, तेही या दृष्टीने ऐका. ज्या रात्री येशूला धरून देण्यात आलं त्याच रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून ती मोडली. पुढ्यात वधस्तंभ होता, तरी उपकारस्तुती झाली ती हातातल्या भाकरीवर. त्याच रात्री बागेत त्याने पुढच्या दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थनाही केली. एकाच रात्रीत दोन्ही झालं, आणि एकाने दुसरं खोटं ठरवलं नाही.

मैत्रिणींना पाठवायच्या निरोपाबद्दल : जिथे वाचणारे सगळे ख्रिस्ती नाहीत तिथे शब्द उलगडून लिहायला काहीच हरकत नाही. ‘बाबांचं ऑपरेशन नीट पार पडलं. देवाचे उपकार मानण्यासाठी घरी प्रार्थना ठेवली आहे, जरूर या.’ ‘मानण्यासाठी’ आलं की गैरसमज राहत नाही. पाळकांना आणि मंडळीला मात्र ‘उपकारस्तुतीची सभा’ असंच कळवा. तो त्या सभेचा रूढ शब्द आहे, आणि नवं घर, बाळंतपण, परीक्षा, नोकरी, कशासाठीही तो चालतो.

राहिला सासूबाईंचा तेलुगू शब्द. तो बहुधा ‘कृतज्ञतास्तुतुलु’ असणार. पौलाचं तेच वाक्य तेलुगू बायबलात ‘कृतज्ञतास्तुतुलु चेल्लिंचुडि’ असं संपतं, आणि कन्नडमध्ये ‘कृतज्ञतास्तुति माडिरि’ असं. म्हणजे सोलापुरात एकाच रस्त्यावरच्या तीन घरांत तीन भाषांमधून प्रार्थना होते, आणि ‘स्तुती’ तिन्हींत तीच आहे. फरक पहिल्या अर्ध्या शब्दात. तेलुगू आणि कन्नड जाणणाऱ्याचं नाव घेतात, केलेलं मी जाणतो म्हणून स्तुती. मराठी केलेल्या कामाचंच नाव घेते. हिंदीत तर ‘हर बात में धन्यवाद करो’ आहे, तिथे स्तुती वेगळी काढलेली नाही. तेलुगूतलं क्रियापदही पाहण्यासारखं आहे : ‘चेल्लिंचु’ म्हणजे देणं चुकतं करणं. तुकोबांचं ‘उतराई’ आठवल्याशिवाय राहत नाही. तेव्हा सासूबाईंच्या शब्दात उपकार नसले तरी त्यांच्या क्रियापदात ते आहेत.

यातूनच एक वापराची गोष्ट निघते. तेलुगू आणि कन्नडमध्ये या स्तुतीसोबत ‘देवाला’ असं रूप येतं : देवुनिकि, देवरिगे. मराठीत ती देवाची केली जाते. म्हणून आपल्याकडच्या काही घरांत ‘देवाला उपकारस्तुती देतो’ असं ऐकू आलं तर नवल नाही, त्या बोलण्यामागे दुसरी मातृभाषा उभी असते. प्रार्थनेत कुणी तसं म्हणालं तर त्याला अडवू नका. पत्रिका छापताना ‘देवाची उपकारस्तुती’ करा, किंवा ‘देवाला उपकारस्तुती अर्पण करतो’ असं लिहा. शब्द जोडून लिहायचा, शेवटची ‘ती’ दीर्घ. पुढे दुसरा शब्द जोडला की ती ऱ्हस्व होते, जसं स्तुतिगीत, स्तुतिपर. जुन्या छापील पुस्तकांत ‘उपकारस्तुति’ दिसेल. ते त्या काळच्या लेखनाप्रमाणे बरोबर आहे, तुमच्या पत्रिकेसाठी नाही.