नवस आईचा, साठ दिवस तुमचे

मुलाची अमेरिकेतली नोकरी गेल्याचं कळलं की इंदूरच्या घरी आधी देवापुढे दिवा लागतो, मग खजराण्याची वाट धरली जाते. तिथल्या गणपतीच्या पाठीमागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून मागणं मागायचं, आणि काम झालं की जाऊन सुलटं काढायचं, ही रीत.

घोळ होतो तो नवसाच्या शब्दांत. "तो स्वतः येऊन फेडेल," असं आई बोलून बसते. नोकरी लागते, पण पासपोर्टातल्या व्हिसाची मुदत संपलेली असते. भारतात आलं तर नवा शिक्का मिळेपर्यंत परतता येत नाही, म्हणून येणं दोन-तीन वर्षं लांबतं. मग लेकरू आजारी पडलं तरी फोनवर तेच: "नवस राहिलाय ना!" बोलतानाच "आमच्यापैकी कुणीतरी फेडेल" एवढं म्हणून ठेवावं. आधीच बोलून झालं असेल तर येत्या बुधवारी बाबांना पाठवा, फोनवरून हात जोडा, विषय मिटवा. गणपती व्याज लावत नाही.

आईपासून नोकरी गेल्याचं लपवू नका. फोनवरचा आवाज तिला कळतोच, आणि मग ती नको ते मनात आणते. सांगाल तेव्हा तारखेसकट सांगा. एच-१बीवर, म्हणजे कंपनीनं काढून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर, असाल तर नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत शिरताना झालेल्या नोंदीवरची, मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. त्या आत नव्या कंपनीचा अर्ज दाखल व्हायला हवा, नाहीतर दुसऱ्या व्हिसाचा अर्ज किंवा परतीचं तिकीट. ती तारीख कागदावर लिहून देवघराशेजारीच लावा. अहिल्याबाईंच्या घरात १७५४ ते १७६७ या तेरा वर्षांत नवरा, सासरे आणि मुलगा गेले. पुढे महेश्वरात शिवपूजाही रोज होती आणि कचेरीही रोज. इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

संकल्प मात्र लहान घ्या. धास्तीच्या पहिल्या आठवड्यात माणूस गुरुचरित्राचा सप्ताह धरतो, तिसऱ्या दिवशी ऐन वाचनाच्या वेळी मुलाखतीचा फोन येतो, सप्ताह मोडतो, आणि वर अपराधीपणा. त्यापेक्षा रोज एक रामरक्षा: ३८ श्लोक, सावकाश म्हटली तरी दहा-बारा मिनिटं. अर्ज पाठवायला बसण्याआधी म्हणावी, म्हणजे दिवसाला सुरुवात मिळते. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करायची तर शनिवार-रविवारी, दीड तास हाताशी ठेवून. फलश्रुती फक्त शेवटच्या आवर्तनाला. धूप जपून लावा, धुराचा अलार्म वाजतो. तुपातली एक फुलवात पुरते.

इंदूरबरोबर व्हिडिओवर आरती करायची असेल तर एका बाजूनं आपला माईक बंद ठेवावा. आवाज क्षणभर उशिरा पोचतो, 'सुखकर्ता' इकडे, 'दुःखहर्ता' तिकडे, आणि शेवटी दोघंही थांबून "ऐकू येतंय का?" इंदूरची संध्याकाळी सातची आरती न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला, हिवाळ्यात साडेआठला. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलतात त्या आठवड्यात आई हमखास एकटीच आरती करून बसते. आधी सांगून ठेवा.

उपासाकडे लक्ष असू द्या. संकष्टीचा चंद्रोदय तुमच्या गावचा धरायचा, इंदूरचा नाही. कधीकधी तर दिवसच बदलतो. पण मुलासाठी म्हणून आईनं सोळा सोमवार धरले असतील आणि ती मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निरंकार उपास नको. साखर ७० च्या खाली गेली की त्या क्षणी गूळ-साखर तोंडात घालायची, उपास सुटण्याची वाट बघायची नाही. हे तिला तुम्हीच सांगा, तुमचं ऐकते.

"ग्रहदोष आहे, आज रात्रीपर्यंत पैसे पाठवा" म्हणणारे ऑनलाइन गुरुजी याच दिवसांत भेटतात. घाई दिसली की फोन ठेवा.

आणि साठ दिवस संपून इंदूरला परतावंच लागलं, तर आई विचारेल, आता सुलटं काढायचं की नाही? तिला एकटीला पाठवू नका. बरोबर जा, आणि काढायचं की नाही ते तिलाच ठरवू द्या.