गेम डिझाइनची पदवी घ्यावी का? आधी बदाम सत्ती खेळून बघ

प्रश्न थोडक्यात असा: "बारावी सायन्सला आहे, तासगावजवळ राहतो. गेम डिझाइन शिकायचं आहे. घरचे म्हणतात, आधी इंजिनीअरिंग कर. युनिव्हर्सिटीत जाऊन हे शिकण्यात अर्थ आहे का, की यूट्यूबवर भागेल?"

वयाने धाकटा आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी इचलकरंजीची. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलं, दोन वर्षं पुण्यात बँकांचं सॉफ्टवेअर लिहिलं, मग स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात अबर्टे विद्यापीठात गेम्सचं एक वर्षाचं मास्टर्स केलं. आता पुण्यातच एका मध्यम आकाराच्या स्टुडिओत लेव्हल डिझायनर आहे, म्हणजे गेममधले टप्पे रचते. म्हणजे घरच्यांचंही ऐकलं आणि स्वतःचंही खरं केलं. फक्त मधे सहा वर्षं गेली.

आधी यूट्यूबचं बोलू. सॉफ्टवेअर शिकायला विद्यापीठ लागत नाही. गेम बनवायचं गोडो इंजिन फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. युनिटी हे दुसरं इंजिन घेतलंस तर सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावी लागेल, तेही घरी जमतं. थ्रीडीसाठी ब्लेंडर आहे, तोही फुकट. एखादी संस्था नुसतं एवढंच शिकवायचे लाखो रुपये मागत असेल तर ते पैसे वाचव. माझ्या एका मैत्रिणीने असे भरले. तीन वर्षांनी तिच्याकडे बंदुका, बॅरल आणि मोडक्या गाड्यांची सुंदर मॉडेल्स होती, पण खेळता येईल असं काही नव्हतं. कोर्सच्या नावात मात्र 'गेम डिझाइन' होतं.

घरी बसून जे शिकता येत नाही ते वेगळंच. डंडीतला एक प्रसंग सांगते.

आमचा पाच जणांचा गट: दोन प्रोग्रामर, एक चित्रकार, एक आवाजाचा माणूस आणि मी. छपरांवरून उड्या मारत जायचा एक साधा गेम केला होता. दर आठवड्याला बाहेरच्या कुणाला तरी बोलावून तो खेळायला द्यायचा आणि आपण बाजूला बसायचं. बोलायचं नाही, हातवारे नाहीत, नुसतं वहीत टिपायचं. त्या दिवशी पन्नाशीच्या एक बाई आल्या. दुसऱ्याच छपरावरून पडल्या. परत गेल्या, परत पडल्या. सहाव्यांदा पडल्यावर आमच्याकडे बघून म्हणाल्या, "सॉरी हं, मला हे खेळ जमतच नाहीत."

त्या गेल्यावर आमचा प्रोग्रामर म्हणाला, बाई बटण उशिरा दाबतात, त्याला कोण काय करणार! शिकवणाऱ्या सरांनी लॉग, म्हणजे कोणतं बटण कधी दाबलं याची कॉम्प्युटरने ठेवलेली नोंद, उघडायला लावला. खरंच, कठड्यावरून पाय सुटल्यावर चार फ्रेमनंतर (फ्रेम म्हणजे पडद्यावर येणारं एकेक चित्र) त्यांनी उडीचं बटण दाबलं होतं. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर हे अंतर सेकंदाचा पंधरावा भाग होतं. कॉम्प्युटरच्या हिशेबाने त्या हवेत होत्या, त्यांच्या डोळ्यांच्या हिशेबाने अजून कठड्यावर. सर एवढंच म्हणाले, "त्यांनी सॉरी का म्हणायचं?"

त्यावरचा उपाय या धंद्यात जुना आहे, त्याला 'कायोटी टाइम' म्हणतात. पाय सुटल्यानंतरही काही फ्रेम उडी मान्य करायची. आम्ही सहा फ्रेम दिल्या. कोडमध्ये चार-पाच ओळींचा बदल. पुढच्या आठवड्यात आलेल्या काकांनी तीच छपरं हसत पार केली आणि "जरा सोपाच आहे," असं म्हणून गेले. आपल्याला सेकंदाचा दहावा भाग उधार मिळालाय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी पैसे भरले ते यासाठी, असं आज वाटतं. डिझायनरचं काम भन्नाट कल्पना सुचणं नाही, त्या पैशाला पासरी मिळतात. आपण केलेल्या गोष्टीशी परका माणूस कसा झटापट करतो ते गप्प बसून बघायचं आणि दोष त्याच्या माथी मारायचा नाही, हे काम. घरी एकट्याने केलास तर गेम मित्राला दाखवशील, तो "भारी आहे रे" म्हणेल आणि विषय संपेल. चांगल्या कोर्समध्ये दर आठवड्याला अशी फजिती होते. शिवाय कोड लिहिणारा, चित्र काढणारा आणि आवाज करणारा अशा तिघांशी भांडून एक वस्तू पुरी करायची सवय लागते.

डंडीबद्दल दोन शब्द, कारण ते गाव माझ्या फार जवळचं आहे. आपली इचलकरंजी सुतावर जगली, तशी डंडी तागावर. ताग यायचा बंगालमधून. गिरण्या बंद पडत गेल्या. पुढे तिथल्या टाइमेक्सच्या कारखान्यात झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचे स्वस्त घरगुती कॉम्प्युटर जोडले जायचे आणि गावातली पोरं त्यावर प्रोग्रामिंग शिकली. त्याच गावातल्या डीएमए डिझाइन या कंपनीने १९९१ मध्ये 'लेमिंग्ज' हा गेम काढला आणि १९९७ मध्ये पहिला 'ग्रँड थेफ्ट ऑटो'. अबर्टेने कॉम्प्युटर गेम्सची जगातली पहिली पदवी सुरू केली तीही १९९७ सालीच. माझ्या वडिलांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "मग मागवाल्यांचं काय झालं?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आता तुझं. तुझ्यात ही खोड आहे का, ते फुकटात तपासता येतं. पत्त्यांचा कॅट घे आणि घरच्यांना बदाम सत्तीला बसव. पान असेल तर टाकलंच पाहिजे, हा नेहमीचा नियम. तरीही बेरकी माणूस दुसरी पानं टाकत राहतो आणि किलवरची सत्ती दाबून ठेवतो. मग छक्का-अठ्ठा हातात घेऊन बसलेल्यांचा जीव टांगणीला. आता एकच नियम बदल: पान असूनही 'पास' म्हणायची मुभा दे. दोन डावांत काय होतं बघ. आमच्या घरी खेळ रेंगाळला, धाकटी चुलत बहीण रुसली आणि काका आयुष्यात पहिल्यांदा जिंकले. मग दुसरा बदल: पास फक्त दोनदा. पुन्हा रंग भरला. नियम कागदावर असतात, त्यातून माणसं कशी वागतात ते डावात दिसतं आणि शेवटी कुणाला कसं वाटलं ते रुसव्यात. याच तीन पायऱ्यांना २००४ सालच्या एका निबंधात मेकॅनिक्स, डायनॅमिक्स आणि एस्थेटिक्स अशी नावं दिली आणि जगभरच्या वर्गांत ती शिकवतात. हे तीन डाव, कोण कुठे अडलं याच्या नोंदींसकट, दोन पानांत लिहून ठेव. प्रवेशाच्या पोर्टफोलिओत ड्रॅगनच्या चित्रापेक्षा मला तरी ती दोन पानं जास्त बोलकी वाटतील.

शिकायचं कुठे? बारावीनंतर लगेच डिझाइनला जायचं असेल तर आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइनचं स्कूल आहे. १९६९ पासूनची संस्था. तिथल्या बी.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी, यूसीड ही प्रवेश परीक्षा लागते, जेईई नाही, आणि कुठल्याही शाखेची बारावी चालते. पदवी गेम डिझाइनची नाही, डिझाइनची आहे; पण माणसांचं निरीक्षण करायचं शिक्षण तेच. नेमकं डिजिटल गेम डिझाइनच हवं असेल तर एनआयडीच्या (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) बंगळुरू कॅम्पसला एम.डेस. आहे, म्हणजे पदवीनंतर. खाजगी कॉलेजं पुष्कळ. तिथे गेलास की ब्रोशर बाजूला ठेव आणि म्हण, शेवटच्या वर्षाच्या मुलांनी केलेले तीन गेम मला आत्ता खेळायला द्या. टाळाटाळ झाली तर चहा पिऊन परत ये.

नोकरीचं गोड बोलणार नाही. पुण्यात युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे, 'राजी' हा गेम २०२० मध्ये पुण्याच्याच नॉडिंग हेड्सने आणला, म्हणजे काम होतं. पण डिझायनर म्हणून थेट घेतलेली नवखी मुलं मी फार थोडी पाहिली. बरीचशी टेस्टिंगमधून किंवा प्रोग्रामिंगमधून आत येतात, मीही तशीच आले. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभर मोठ्या कंपन्यांनी माणसं काढली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि त्या कंपन्यांतली माणसंही नोकऱ्या शोधू लागली. बाहेरदेशी शिकायला कर्ज काढणार असशील तर तिथे नोकरी मिळेल असं गृहीत धरून हप्त्याचं गणित मांडू नकोस. मी मांडलं होतं. माझ्या वडिलांना दोन माग विकावे लागले.

म्हणून घरचे इंजिनीअरिंग म्हणत असतील तर मी त्यांना वेड्यात काढणार नाही. कॉम्प्युटर शाखा घे, कोड लिहिता येणारा डिझायनर कुणालाही हवा असतो. मात्र ती चार वर्षं कोरडी घालवू नकोस. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दरवर्षी होतो, बहुधा जानेवारीच्या शेवटी, ४८ तासांत गेम करायचा. जवळच्या शहरात जागा असेल तर जा. एकटा जाऊ नकोस, चित्र काढणारा एखादा मित्र बरोबर ने. आणि रात्री तीन वाजता तुमचा गेम वॉचमनकाकांना खेळायला दे.