फ्रॉगफिश ‘लपतो’ का?

दादरच्या एका वाचक भगिनी मुलांसाठीच्या माहितीपटाचे मराठी निवेदन लिहीत आहेत. उष्ण, उथळ समुद्रातील प्रवाळखडकांवर राहणारा फ्रॉगफिश ‘स्पंजांमध्ये लपून बसतो’ असे त्यांनी लिहिले होते (स्पंज म्हणजे समुद्रतळाला चिकटून राहणारे सच्छिद्र जीव). ते बदलून ‘छद्मावरण (कॅमफ्लाज) धारण करतो’ असे करावे, अशी सूचना त्यांना मिळाली. यांपैकी योग्य काय, असे त्या विचारतात.

माझ्या मते दोन्ही नकोत. लपायला आड लागते : दाराआड, झाडाआड, निदान आईच्या पदराआड. हा मासा मात्र स्पंजावर अगदी उघड्यावर बसलेला असतो. त्याचा रंग शेजारच्या स्पंजाशी जुळत जातो (हे क्षणात होत नाही, त्याला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात), कातडी खडबडीत असते, आणि काहींच्या अंगावरचे गडद ठिपके स्पंजाच्या छिद्रांसारखे भासतात. चित्रफितीत तो पडद्याच्या मधोमध असतो, तरी त्याचा बारीक डोळा सापडेपर्यंत मासा सापडत नाही.

‘छद्मावरण’ शास्त्रीय लेखनात रुळलेला आहे, तिथे तो असू द्यावा. परंतु ‘छद्म’ हा शब्द ‘छद्’ म्हणजे झाकणे या धातूपासून आला आणि आवरण म्हणजेही झाकणच. ज्याने अंगावर काहीच पांघरलेले नाही, त्याच्यावर आपण अशी दोन झाकणे घालतो. फांद्या आणि जाळी टाकून झाकलेल्या रणगाड्याला हा शब्द नेमका बसतो. ‘धारण करतो’मुळे तर मासा पोशाख चढवत असल्याचा भास होतो.

आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे, तो ‘बेमालूम’. अरबीतील ‘मालूम’, म्हणजे ठाऊक असलेले, आणि त्याआधी फारसी ‘बे’. कसबी रफूगर शालीचा फाटलेला भाग बेमालूम जोडतो, तेव्हा त्याचा धागा कशाखालीही दडलेला नसतो. तो समोरच असतो, पण वेगळा म्हणून ओळखू येत नाही. फ्रॉगफिशचे नेमके हेच आहे.

दुसरा शब्द ‘दबा धरणे’. लपणारा पुष्कळदा जीव वाचवायला लपतो. दबा धरणारा सावजाची वाट पाहतो. या माशाच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा काठीसारखा झालेला असतो आणि तिच्या टोकाला मांसल गोळा असतो, तो हलवून तो लहान माशांना जवळ बोलावतो. या काठीला ‘गळ’ म्हणू नये. गळ म्हणजे माशाच्या तोंडात रुतणारा आकडा, आणि इथे काहीच रुतत नाही : सावज टप्प्यात आले की जबडा उघडतो आणि सुमारे ६ मिलिसेकंदांत ते पाण्यासकट आत ओढले जाते. तेव्हा इथे ‘आमिष’ हाच शब्द खरा.

नावाविषयी थोडेच. ‘बेडूकमासा’ चालेल, पण मुंबईच्या खाडीतल्या चिखलावर उड्या मारणारी निवटी ही मासळी पाहिलेली मुले तिचाच विचार करतील, म्हणून ‘फ्रॉगफिश’ ठेवलेला बरा.

निवेदनात मी असे लिहीन : ‘स्पंजांमध्ये बेमालूम मिसळून गेलेला फ्रॉगफिश आमिष हलवत दबा धरून बसतो.’