गाजलेली कादंबरी न आवडणे

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात सध्या वि. स. खांडेकरांची ‘ययाती’ वाचली जात आहे. सर्व सभासद भारावून बोलतात. मला मात्र ती कृत्रिम वाटते आणि पुढे वाचवत नाही. तसे म्हटले की, ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाच्या कादंबरीत खोट काढणारे आपण कोण, असे ऐकावे लागते. माझ्या अभिरुचीतच काही उणे असेल का?

उत्तर : मुळीच नाही. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ च्या ज्ञानपीठाने खांडेकरांना मराठीतील पहिल्या ज्ञानपीठविजेत्याचा मान मिळाला, हे खरे. पण पुरस्कार म्हणजे वाचकाने आवड दाखवलीच पाहिजे असा हुकूम नव्हे. प्रश्न एवढाच की, नेमके काय खटकले हे आपल्याला पानावर बोट ठेवून सांगता येते का.

नावडीसाठीही कष्ट घ्यावे लागतात. टॉलस्टॉयला शेक्सपिअर आयुष्यभर रुचला नाही. तरीही त्याने ती नाटके रशियन, इंग्रजी आणि जर्मन अशा तिन्ही भाषांतून वाचली, पंचाहत्तरीत पुन्हा वाचली, आणि मगच ‘किंग लिअर’चा प्रवेशागणिक समाचार घेणारा निबंध लिहिला. त्याचा निष्कर्ष मला अजिबात पटत नाही, परंतु पुढे चार दशकांनी इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलला त्याचे सविस्तर खंडन करावेसे वाटले ते या नेटामुळेच. नुसत्या ‘कंटाळवाणे आहे’ या शेऱ्याला कोण उत्तर देणार?

‘ययाती’विषयी माझीही एक तक्रार आहे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कथा सांगतात, ही रचना उत्तम. पण तिघांच्याही तोंडी तीच अलंकृत, सुभाषितांकडे झुकणारी भाषा येते, त्यामुळे मानी देवयानी आणि सोशिक शर्मिष्ठा स्वभावाने जितक्या वेगळ्या, तितक्या बोलण्याने वेगळ्या वाटत नाहीत. भोगामागे धावणाऱ्या माणसाची अतृप्ती मात्र खांडेकरांनी मन लावून रंगवली आहे, आणि कादंबरी अर्ध्यावर सोडल्यास तिचा उत्तरार्ध आपल्या हाती लागणार नाही. सोडायची तर खुशाल सोडा. फक्त मंडळात ‘अर्धी वाचली’ असे सांगून मग मत द्या.

पुढच्या बैठकीत एक प्रयोग करून पाहा. देवयानीच्या आणि शर्मिष्ठेच्या निवेदनातील एकेक चिंतनपर परिच्छेद नावे वगळून मोठ्याने वाचा आणि कोण बोलते आहे ते इतरांना ओळखू द्या. त्यांनी अचूक ओळखले, तर माझी तक्रार लंगडी पडेल. न ओळखल्यास चर्चा ज्ञानपीठावरून कादंबरीकडे वळेल.